न लागलेली आग

वस्तु जुनी झाली म्हणजे तिच्यावरील आपलें ममत्व वाढतें. परंतु त्याच प्रमाणांत तिची काळजीहि वाढते, असें मात्र नाहीं. हें अंतर किती घातक ठरूं शकतें, हें आम्हांस एका मोटारसायकलीनें शिकविलें.

आमच्या एका स्नेह्यांपाशीं त्यांच्या कैलासवासी वडिलांची, म्हैसूरच्या कारखान्यांत तयार झालेली जुनी जावा आहे. ती वाड्याच्या जिन्याखालीं उभी असते. गेल्या दसऱ्यास आम्ही सोनें देण्यास गेलों, तेव्हां तिला झेंडूची माळ घातलेली होती आणि टाकी आरशासारखी लखलखत होती. त्याच वेळीं पेट्रोलचा वासहि आला. सणाच्या दिवशीं उणें कां काढावें, ह्या भिडेनें आम्ही कांहीं बोललों नाहीं. पुढें पंधरवड्यानें मिस्त्रीस आढळलें कीं, टाकीपासून कार्बुरेटरकडे जाणारी रबरी नळी क्लिपेपाशीं चिरली असून तींतून थेंब थेंब पेट्रोल गळत आहे. ती नळी वडिलांनीं स्वतःच्या हातानें बसविलेली, म्हणून स्नेह्यांनीं ती कधींच बदलूं दिली नव्हती.

आग लागली नाहीं. मग दोष कोणाचा, आणि कसला?

ह्या जुन्या गाड्यांत टाकी वर आणि कार्बुरेटर खालीं असतो; पेट्रोल स्वतःच्या वजनानें उतरतें, आणि कॉक उघडा राहिल्यास त्यास अडविणारें फारसें कांहीं नसतें. रबर उष्णतेनें व काळानें कडक होऊन तडकतें. त्यांत आपल्या देशांत २०२५ पर्यंत पेट्रोलमधील इथेनॉलचें प्रमाण वीस टक्क्यांवर गेलें, आणि इथेनॉल कित्येक जुन्या प्रकारच्या रबरांस मानवत नाहीं. शून्याखालीं सुमारें चाळीस अंश सेल्सिअसच्या थंडींतहि पेट्रोल ठिणगीनें पेटण्याजोगी वाफ सोडतें. ती वाफ हवेहून जड असल्यामुळें जमिनीलगत पसरते. आणि त्या जिन्याला लागूनच एका भाडेकरू कुटुंबाचें स्वयंपाकघर आहे.

दोघांनीं सारखीच हेळसांड केली. एकाच्या गाडीशेजारीं ठिणगी पडली, दुसऱ्याच्या पडली नाहीं. जग पहिल्यास अपराधी म्हणतें, दुसऱ्याकडे पाहतहि नाहीं. बर्नार्ड विल्यम्स व थॉमस नेगेल ह्या तत्त्वज्ञांनीं १९७६ सालीं ह्याच कोड्याची चर्चा केली होती. आमच्या मतें, फळ दैवाधीन असलें तरी कर्माचा हिशेब दैवावर सोडतां येत नाहीं.

कोणी म्हणेल, घडूं शकणाऱ्या प्रत्येक अनर्थाचा दोष माथीं घ्यावयाचा तर माणसानें जगावें कसें? आक्षेप खरा आहे, म्हणून मर्यादा घातली पाहिजे. धोका सहज कळण्याजोगा असावा, उपाय आटोक्यांतला असावा, आणि संकट अशा माणसावर येणारें असावें कीं ज्याची संमति कोणीं विचारलीच नाहीं. तेथें हेळसांड हा अपराधच होय. येथें तिन्ही गोष्टी होत्या. पेट्रोलला टिकणारी नवी नळी, दोन क्लिपा आणि रात्रीं कॉक बंद करण्याची संवय, एवढाच उपाय. स्वतःचा हात भाजून घेण्याचा हक्क मालकास असेलहि. शेजारच्या खोलींत निजलेलें मूल मात्र ह्या व्यवहारांत कधींच सामील झालें नव्हतें.

राहिला स्मृतीचा प्रश्न. वडिलांनीं ती नळी बसविली, ती आधींची खराब झाली म्हणूनच ना? मग चिरलेली नळी जपून आपण त्यांची वस्तु राखतों, पण त्यांची रीत सोडून देतों. नळी बदलणें हेंच त्यांचें काम पुढें चालविणें होय.

स्नेह्यांस हें पटलें. जुनी नळी आतां वडिलांच्या चष्म्याशेजारीं कपाटांत आहे, आणि दर दसऱ्यास, माळ घालण्यापूर्वीं, नळी वांकवून पाहण्याचा त्यांचा निश्चय आहे. परंतु दसऱ्यास आम्हांस वास आला होता, हें आम्हीं सांगितलें, तेव्हां ते क्षणभर स्तब्ध राहिले आणि म्हणाले, “मग आपण तेव्हांच कां बोललां नाहींत?”

वरची मर्यादा आम्हींच घातलेली आहे. तिच्यांत आमची भीड कोठें बसते, हें वाचकांस निराळें सांगावयास नको.