‘असते, तर’

इंग्रजी शिकतांना मराठी विद्यार्थी संकेतार्थी वाक्यांपाशीं अडखळतो. ‘उद्यां पाऊस पडला, तर येणार नाहीं’ असें आपण म्हणतों. यावयाच्या पावसास आपण भूतकाळाचें रूप देतों, इंग्रजी वर्तमानाचें देते. हा भेद पाठांतरानें अंगवळणीं पडतो. खरी अडचण ‘पैसे असते, तर दिले असते’ या वाक्यांत आहे. हा अभाव आजचा, कीं गेलेल्या प्रसंगींचा? मराठी रूप दोहोंसहि चालतें. इंग्रजीला मात्र आजच्यासाठीं ‘हॅड’ आणि गतासाठीं ‘हॅड हॅड’ यांतून निवड करावीच लागते.

ही निवड नैतिकहि आहे. गेलेली संधि परत येत नाहीं. आजचा अभाव मात्र उद्यां फिटूं शकतो, आणि मग ‘मिळाले, तर देईन’ असें स्वतःस बांधून घेणें प्राप्त होतें. हें बंधन टाळूं पाहणारा ‘असते, तर’च्या आडोशास उभा राहतो, आणि ऐकणाराहि भिडेस्तव त्यास तेथून हलवीत नाहीं. म्हणून इंग्रज अधिक सत्यवचनी ठरतो असें नव्हे. त्याचें व्याकरण काळ विचारतें, हेतु विचारीत नाहीं. मराठीचें व्याकरण येथें काळहि विचारीत नाहीं. तो बोलणाऱ्यानेंच प्रामाणिकपणें सांगावयाचा असतो.