श्री देवी लईराईचे अग्निदिव्य

गोव्यातील डिचोली तालुक्यात शिरगाव येथे वैशाख शुद्ध पंचमीस श्री देवी लईराईची जत्रा भरते. व्रतस्थ धोंड सोवळे पाळून, तळीवर स्नान करून, हाती वेत घेऊन होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून अनवाणी जातात. निखाऱ्यांवरील चालणे क्षणाचे. त्यामागील व्रत मात्र अनेक दिवसांचे. म्हणूनच अग्निदिव्य हे शौर्याचे प्रदर्शन नसून संयमाची कसोटी होय.

दि. ३ मे २०२५ रोजी पहाटे या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन भाविकांनी प्राण गमावले. तो घात निखाऱ्यांनी नव्हे, गर्दीच्या रेट्याने केला. देवीच्या दारी दुसऱ्यास वाट देणे, वृद्ध व बालकांस सांभाळणे, हेही व्रतच होय. इतरांस लोटून जो पुढे जातो, त्याचे व्रत कुंड ओलांडूनही अपुरेच राहते. आई लईराई सर्वांस सद्बुद्धी देवो.