आधी बुडी, मग वर येणे



इंग्रजी प्रवचनांचे मराठीत भाषांतर करताना ‘इमर्ज’ हा शब्द वारंवार भेटतो. बाहेर येणे, प्रकट होणे, उदयास येणे, संकटातून पार पडणे असे त्याचे अर्थ कोशात मिळतात. पण त्याचे मूळ पाहिले की साधनेचा एक पाठच हाती येतो.

लॅटिनमध्ये ‘मेर्गेरे’ म्हणजे बुडणे, बुडवणे आणि ‘ए’ म्हणजे बाहेर. या दोहोंपासून ‘इमर्ज’ झाला. संस्कृतातील ‘मज्ज्’ हा धातू भाषाशास्त्रज्ञ याच कुळातला मानतात. निमज्जन म्हणजे बुडी घेणे, उन्मज्जन म्हणजे बुडी घेऊन वर येणे. अचानक डोके वर काढणारी ‘इमर्जन्सी’ही याच घरातली. तेव्हा नुसते ‘बाहेर येणे’ म्हटले की अर्धा अर्थ सुटतो. जो पाण्यात उतरलाच नाही, तो वर कसा येणार?

चेन्नईच्या मैलापूरमध्ये श्रीरामकृष्ण मठ आहे. तो ज्यांनी उभा केला, त्या स्वामी रामकृष्णानंदांचे जीवन या दृष्टीने पाहा. 1886 मध्ये श्रीरामकृष्णांनी देह ठेवला. त्यानंतर गुरुबंधू तीर्थयात्रेला निघाले, पण शशी महाराज मठ सोडून गेले नाहीत. गुरूंच्या अस्थींची पूजा, नैवेद्य, आरती आणि गुरुबंधूंच्या जेवणाची काळजी यांतच त्यांनी दहाहून अधिक वर्षे घालवली. जगाला त्यांचे नावही ठाऊक नव्हते. पुढे 1897 मध्ये स्वामी विवेकानंदांच्या एका शब्दावर ते मद्रासला आले. नवा प्रांत, नवी भाषा, हाती पैसा नाही. शहरभर पायपीट करून ते वर्ग घेत. श्रोता कोणी आला नाही, तरी ते ठरलेल्या वेळी रिकाम्या खोलीत प्रवचन करीत, असे सांगतात. 1907 मध्ये मैलापूरला मठाची वास्तू उभी राहिली.

रिकाम्या खोलीत बोलण्याचे हे बळ कोठून आले? टाळ्यांवर जगणारा माणूस दुसऱ्याच दिवशी वर्ग बंद करतो. शशी महाराजांनी त्या आधीच्या वर्षांत कोणी पाहत नसताना सेवा केली होती. ती बुडीच येथे कामी आली.

आपल्यापैकी कोणी आज परीक्षेतील अपयशात, कोणी आजारपणात, कोणी जवळच्या माणसाच्या वियोगात बुडालेले असेल. एक भेद मात्र लक्षात ठेवावा. ढकलले गेल्याने माणूस गटांगळ्या खातो. स्वतःहून बुडी घेणारा श्वास धरून जातो आणि तळाला पाय टेकवून वर येतो. नामस्मरण हा तो धरलेला श्वास आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंत आपला उद्धार आपणच करायला सांगतात. त्या ‘उद्धार’ शब्दातही ‘उत्’ म्हणजे ‘वर’ आहेच.

म्हणून आजपासून रोज पंधरा मिनिटे ठरलेल्या वेळी, ठरलेल्या आसनावर बसावे. फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा. काही अनुभव आला का, हे तपासू नये आणि कोणाला सांगूही नये. वर केव्हा यायचे ते त्या दयाघनावर सोपवावे. बुडी मात्र आपणच घ्यायची आहे.

॥ ॐ तत् सत् ॥