इशारा वाडीपर्यंत यायला हवा

डिसेंबर २०१६ मध्ये मुरबाड तालुक्यातले धसई हे राज्यातले पहिले रोकडरहित गाव म्हणून जाहीर झाले. नोटाबंदीला महिनाही उलटला नव्हता, तोच गावातल्या छोट्या दुकानांत कार्ड स्वाइप करायची यंत्रे बसली.

पैसे घेण्याची सोय खेड्यात इतक्या झपाट्याने येते. विकलेली वस्तू घातक निघाली, हा निरोप मात्र येत नाही.

युरोपीय संघात त्यासाठी 'सेफ्टी गेट' आहे. एका देशात खेळणे, चार्जर किंवा प्रसाधन धोकादायक आढळले की त्याचा फोटो आणि धोका नोंदवला जातो, आणि नॉर्वे, आइसलँडसह सगळ्या सहभागी देशांना तो कळतो. डिसेंबर २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नियमांनुसार, ग्राहकाचा संपर्क हाती असेल तर त्याला थेट कळवावेच लागते.

ग्राहकाला असे थेट कळवायला लावणे आपल्याकडेही घडले आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ॲमेझॉन आणि फ्लिपकार्ट यांना प्रत्येकी १ लाख रुपये दंड केला. सक्तीच्या मानकात न बसणारे प्रेशर कुकर तिथून विकले गेले होते. ॲमेझॉनवरून २,२६५, फ्लिपकार्टवरून ५९८. प्रत्येक ग्राहकाला कळवा, कुकर परत घ्या, पैसे द्या, असा आदेश निघाला. असा आदेश देता आला, कारण प्रत्येक खरेदीदाराचा पत्ता नोंदलेला होता.

पण मुरबाडजवळच्या म्हसा गावच्या जत्रेत किंवा आठवडे बाजारात कुकर घेणाऱ्या कातकरी बाईची नोंद कुठे असते? तिच्याकडे बिल नाही, विक्रेता पुढच्या बाजाराला निघून गेलेला. 'आयएसआय चिन्ह पाहा, पावती मागा' हा सल्ला रास्तच. पण सगळी जबाबदारी तो तिच्याच डोक्यावर टाकतो, आणि हे अन्यायाचे आहे.

शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरून दर महिन्याला रेशन दुकानात अंगठा लावायला घरातले कोणीतरी जातेच. तिथल्या भिंतीवर वस्तूचा फोटो, मराठीत दोन ओळी आणि ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक लावता येईल. ग्रामसभेत हा इशारा वाचता येईल, आशाताई घरोघरी सांगतील. मात्र बिलाशिवाय वस्तू बदलून मिळायची सोयही तालुक्यातच हवी. नाहीतर धोका कळूनही तोच कुकर पुन्हा चुलीवर चढेल, कारण घरात दुसरा नसेल.