पिशवी काढली, पुढे काय?

अल्झायमर पुरुषांपेक्षा बायकांना जास्त गाठतो. अमेरिकेत या रुग्णांपैकी सुमारे दोन तृतीयांश स्त्रिया आहेत. बायका जास्त जगतात हे एक कारण आहेच, पण संशोधकांची नजर रजोनिवृत्तीकडेही वळली आहे. बीजांडकोशातून स्रवणारे इस्ट्रोजेन मेंदूतही काम करते. स्मृती घडवणाऱ्या हिप्पोकॅम्पसमध्ये चेतापेशींचे जोड टिकवायला आणि मेंदूला साखर वापरायला त्याचा हातभार लागतो. पुरुषाच्या मेंदूत टेस्टोस्टेरॉनपासून थोडे इस्ट्रोजेन बनते आणि टेस्टोस्टेरॉन वयाबरोबर सावकाश उतरते. बाईचे इस्ट्रोजेन मात्र पाळी जाताना काही वर्षांतच खाली येते.

मग उणीव गोळीने भरून काढावी, असे वाटणे साहजिक होते. अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या चाचणीचे 2003 साली आलेले निष्कर्ष उलटे निघाले. 65 वर्षांपुढच्या ज्या स्त्रियांना इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन एकत्र दिले, त्यांच्यात स्मृतिभ्रंशाचा धोका दुप्पट झाला. पाळी गेल्यावर लगेच हार्मोन सुरू केलेल्या स्त्रियांच्या नंतरच्या चाचण्यांत असे नुकसान दिसले नाही, पण स्मरणशक्तीला फायदाही दिसला नाही.

अमेरिकेतल्याच मेयो क्लिनिकच्या 2007 सालच्या अभ्यासाने दुसरी बाजू दाखवली. पाळी जाण्याआधीच बीजांडकोश काढलेल्या स्त्रियांत पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढलेला होता. शस्त्रक्रियेचे वय जितके कमी, तितका धोका अधिक. पन्नाशीपर्यंत इस्ट्रोजेन घेतलेल्यांत ही वाढ आढळली नाही. असे अभ्यास कार्यकारण सिद्ध करत नाहीत, पण वयाकडे दुर्लक्ष करू नका, एवढे नक्की बजावतात.

हे वाचताना मला बीड आठवते. ऊसतोडणीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचा प्रश्न 2019 साली गाजला, चौकशी समिती नेमली गेली. अनेकजणी चाळिशीच्या आतल्या होत्या. पिशवी काढताना काहींचे बीजांडकोशही जातात. राहिले तरी ते लवकर थकण्याची शक्यता वाढते. चर्चा झाली ती पाळीतल्या खाड्याने बुडणाऱ्या मजुरीची, मुकादमाच्या दंडाची, डॉक्टरांच्या नफ्याची, आणि ती व्हायलाच हवी होती. या बायकांच्या साठीनंतरच्या मेंदूचा विचार मात्र फारसा कोणी केला नाही.

बीजांडकोश ठेवले की काढले, हे प्रत्येकीच्या कागदावर तिला समजेल अशा मराठीत लिहिलेले असावे. काढले असतील, तर पन्नाशीपर्यंत हार्मोन द्यायचे का, हे सरकारी दवाखान्यात तिच्याशी बोलून ठरावे. आणि तिची स्मृती पुढे वर्षानुवर्षे तपासली जावी. शरीराचा एक अवयव काढण्याची परवानगी घेताना तिच्या म्हातारपणाचाही हिशेब तिच्यापुढे मांडणे, हा वैद्यकाचा धर्म आहे.