डोंगराचं देणं

वणवा विझवायला मी पहिल्यांदा गेलो तो रिकाम्या हातांनी. मार्च महिना होता. साताऱ्याच्या पश्चिमेकडच्या एका डोंगराला आग लागल्याचा निरोप दिवेलागणीला आला आणि आम्ही सात-आठ जण मिळेल त्या गाडीवर बसून निघालो. पायथ्याशी पोचलो तेव्हा वाळलेल्या गवतातून एक तांबडी रेघ वर सरकत होती. मी वळसा घालून तिच्या पुढे उभा राहायला निघालो, तोच एका वनमजुराने दंडाला धरून मला मागे ओढलं. "पावणं, आगीच्या वर जाऊ नगा. चढावर ती मानसापरीस बिगी पळती," तो म्हणाला. मग अंजनीच्या ओल्या डहाळ्यांचा झुबका हातात देऊन त्याने काम दाखवलं. डहाळी आपटायची नाही, आपटली की ठिणग्या उडतात. ज्वाळेवर दाबायची आणि जळून गेलेल्या बाजूला ओढायची.

रात्री दहाच्या सुमारास ज्वाळा दिसेनाशा झाल्या. आम्ही उतरलो, घरी गेलो, काळे झालेले हात घरच्यांना दाखवले. फोनवर कौतुकाचे निरोप येत राहिले. दुसऱ्या दिवशी कळलं, तो वनमजूर आणि त्याचे दोन सोबती पहाटेपर्यंत डोंगरावरच होते. आतून धुमसणारे ओंडके फोडून त्यांवर माती लोटत होते. वारा सुटला असता तर राखेखालचा विस्तव पुन्हा उठला असता आणि आमची सगळी धावपळ वाया गेली असती. त्यांना कौतुकाचा एकही निरोप गेला नसेल. त्याचं नाव विचारायचंसुद्धा मला सुचलं नव्हतं.

त्या रात्रीपासून एक प्रश्न माझी पाठ सोडत नाही. आम्ही तिथे गेलो ते उपकार करायला गेलो, असं आम्हाला का वाटलं?

उत्तराचा धागा मला सापडला तो एका जुन्या कायद्यात. १९२७ चा भारतीय वन अधिनियम इंग्रजांच्या काळातला आहे. त्याचं ७९ वं कलम सांगतं की राखीव किंवा संरक्षित जंगलात ज्याला काही हक्क आहे, तिथून वनोपज न्यायची, लाकूड तोडायची किंवा तिथे गुरं चारायची ज्याला परवानगी आहे, त्याने वनगुन्ह्याची खबर द्यायची आणि अधिकाऱ्याने सांगो वा न सांगो, जंगलातली आग विझवायला तात्काळ लागायचं. हे त्याच्यावर बंधन आहे.

कायदा काही निर्मळ मनाने लिहिलेला नव्हता. जंगल सरकारच्या मालकीचं ठरलं, पिढ्यानपिढ्या तिथे राहणाऱ्यांचे हक्क आक्रसत जाऊन सरकारी मेहेरबानी झाले, आणि राखणीचं ओझं मात्र त्यांच्याच खांद्यावर राहिलं. घराबाहेर काढलेल्या माणसाला त्याच घराची पहारेदारी सांगावी, असा तो प्रकार होता. तरीही त्या कलमाच्या पोटात एक सरळ न्याय आहे, आणि तो कायद्याहून मोठा आहे. जंगलातून जो घेतो, त्याने जंगलाची आग विझवायची.

हा न्याय आज लावून पाहू. सह्याद्रीतून सर्वांत जास्त कोण घेतं? डोक्यावर मोळी घेऊन उतरणारी बाई की आपण? कृष्णा, कोयना, वेण्णा या नद्या त्याच डोंगरांतून निघतात. पुण्याला पाणी मिळतं ते पानशेत, वरसगाव, टेमघर, खडकवासला या धरणांचं. मुंबईचं पाणी तानसा, वैतरणा, भातसा या नद्यांचं. कोयनेच्या वीजघरातून निघालेल्या तारा कुठवर पोचतात ते आपल्याला ठाऊक आहे. डोंगरावरचं गवत आणि झुडूप पाऊस झेलतं, माती धरून ठेवतं, पाणी मुरू देतं. मार्चमध्ये तो उतार उघडाबोडका झाला, तर मृगाचा पहिला मार थेट मातीवर बसतो. ती माती ओढ्यातून नदीत जाते आणि धरणाच्या तळाशी गाळ होऊन बसते. सकाळी नळ सोडणारा प्रत्येक जण डोंगराकडून काही घेतो आहे. फक्त त्याच्या नावाची नोंद वनखात्याच्या कुठल्याही वहीत नाही.

म्हणून एक विचित्र गोष्ट घडते. डोंगरालगतच्या गावातला माणूस आग विझवतो ते त्याचं कर्तव्य मानलं जातं आणि शहरातला माणूस तीच आग, तसल्याच डहाळीने विझवतो, तेव्हा त्या कामाला सेवा म्हणतात. एकाला जाब विचारला जातो, दुसऱ्याला शाल-श्रीफळ मिळतं. मला हे मनापासून चुकीचं वाटतं. शहरातल्या माणसाने जाऊ नये, असं मी म्हणत नाही. त्याने जरूर जावं, पण देणेकरी म्हणून जावं. आपल्या परंपरेने देवऋण, ऋषिऋण, पितृऋण सांगितलं आणि गृहस्थाला रोजच्या पंचमहायज्ञांत भूतयज्ञही सांगितला, म्हणजे प्राणिमात्रांचा वाटा आधी बाजूला काढायला लावला. मार्चच्या गवतात जमिनीवर अंडी घालणारी टिटवी, चंडोल, रातवा आणि बिळात अंग चोरून बसलेली घोरपड या वाट्याचे धनी आहेत.

देणेकरी म्हणून गेलं की वागणं बदलतं.

पहिला बदल असा की देणेकऱ्याला वेळ निवडता येत नाही. वणव्याशी खरी लढाई आग लागण्याच्या कितीतरी आधी, हिवाळ्यात होते. गवत पुरतं वाळण्याआधी डोंगरावर जाळरेषा काढतात. दोन्ही कडांचं गवत कापून मधला पट्टा माणसांच्या देखरेखीखाली जाळून टाकतात, म्हणजे पुढे आग आली तरी त्या मोकळ्या पट्ट्यापाशी तिला खायला काही उरत नाही. आगीचा हंगाम साधारण फेब्रुवारीच्या मध्यापासून पावसापर्यंतचा, त्यामुळे हे काम त्याआधी उरकावं लागतं. दिवसभर वाकून विळा चालवायचा आणि संध्याकाळी दाखवण्याजोगं काहीही हाती नसायचं. ज्या वणव्याला जाळरेषेने अडवलं, त्याची बातमी होत नाही. म्हणूनच या कामाला माणसं कमी पडतात. ज्वाळा दिसल्यावर धावून जाणं हा मनाचा उमाळा आहे आणि तो चांगलाच आहे. पण देणं उमाळ्याने फिटत नाही, ते हप्त्याहप्त्याने फेडावं लागतं.

दुसरा बदल ऐकण्याचा. आपल्याकडे आगीची खबर आता उपग्रहावरूनही मिळते. भारतीय वन सर्वेक्षण संस्था आगीचे ठिपके टिपून वनखात्याला आणि नोंदणी केलेल्या कुणालाही सूचना पाठवते. पण त्या ठिपक्यापर्यंत कुठल्या पाऊलवाटेने जायचं, कुठली घळ टाळायची, वारा सूर्यास्तानंतर कुठे वळतो, हे तिथल्या वनरक्षकाला आणि गुराख्याला माहीत असतं. २०१८ च्या मार्चमध्ये तमिळनाडूत कुरंगणीच्या डोंगरात फिरायला गेलेली तरणीताठी माणसं वणव्यात सापडली आणि त्यांतली वीसहून अधिक दगावली. आगीच्या मार्गात चुकून सापडलेल्यांची ही गत होते, तर आपण होऊन तिच्यासमोर जाणाऱ्याने किती जपायला हवं! अंगात सुती कपडे हवेत, कारण कृत्रिम धाग्याचा कपडा वितळून कातडीला चिकटतो. पायात घट्ट बूट, जवळ पाणी, एकट्याने पुढे जायचं नाही, माघारीची वाट आधी पाहून ठेवायची, आणि जो जाणता आहे त्याने 'मागे फिरा' म्हटलं की वाद न घालता फिरायचं. हे सारं मी सुरक्षेची यादी म्हणून सांगत नाही. मला यात नीती दिसते. न शिकता, न ऐकता धावलेला माणूस आग विझवणाऱ्यांना आणखी एक काम देतो, ते म्हणजे त्याला वाचवायचं.

तिसरा बदल दोष देण्याच्या सवयीत होतो. आपल्याकडचे जवळजवळ सगळे वणवे माणसाच्या हातून लागतात. जाळलं की पावसाळ्यात गवत जोमाने येतं, हा समज खोल रुजलेला आहे. कोकणात राब भाजताना आग बांधाबाहेर जाते. विदर्भात मोहाची फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, तेंदूला कोवळी पानं फुटावीत म्हणून झुडपं जाळतात. आणि सहलीला गेलेल्या शहरी माणसाची न विझवलेली चूल आणि फेकलेली सिगारेटही यात आहे. ज्याचं पोट त्या मोहावर आहे, त्याला पकडून दटावणं सोपं आहे. त्याच्याबरोबर बसून झाडाखाली जाळी बांधता येईल का, पाला झाडून घेता येईल का, हे पाहणं अवघड आहे आणि तेच आपलं काम आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने माणसाला हक्कही दिला आणि जंगल राखण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती दिला. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, त्याचं मोल मला यासाठी फार वाटतं. जंगल आपलं आहे असं ज्याला वाटतं, त्याला आग विझवायला कलम दाखवावं लागत नाही.

आता सर्वांत कठीण प्रश्न. हे देणं कुठवर फेडायचं? जिवानिशी?

१३ जून २०२४ रोजी उत्तराखंडात अल्मोड्याजवळच्या बिनसर अभयारण्यात आग विझवायला गेलेली वनखात्याची गाडी ज्वाळांनी वेढली. चार जण तिथेच गेले, आणि होरपळलेल्यांपैकी काहींनी पुढे इस्पितळात प्राण सोडला. त्या चौघांत एक वनखात्याचा कर्मचारी होता, एक हंगामी फायर वॉचर, एक प्रांतीय रक्षक दलाचा जवान आणि एक रोजंदारीचा मजूर. रोजंदारी! दिवसाच्या मजुरीवर माणूस आगीत उतरतो आणि त्याच्या घराला पुढच्या दिवसाची हमी नसते. अशा माणसाच्या शेजारी उभं राहून मी फुकट काम करतो, याचा अभिमान मी कसा बाळगू? मला फुकट काम परवडतं, कारण माझं घर दुसऱ्या पैशावर चालतं.

फुकट राबण्याचा हा प्रश्न ऑस्ट्रेलियात उघडपणे पुढे आला. तिथल्या न्यू साउथ वेल्स राज्यात रानातल्या आगी विझवणारं दल जवळपास सगळं स्वयंसेवकांचं आहे, सत्तर हजारांच्या घरातलं. २०१९-२० च्या भीषण उन्हाळ्यात ही माणसं नोकऱ्या-धंदे सोडून आठवडेच्या आठवडे आगीसमोर राहिली. १९ डिसेंबर २०१९ रोजी झाड कोसळून गाडी उलटली आणि दोन तरुण स्वयंसेवक दगावले. दोघेही लहान मुलांचे बाप होते. त्यानंतर, डिसेंबरच्या अखेरीस, सरकारने दीर्घकाळ राबलेल्या स्वयंसेवकांच्या बुडालेल्या कमाईपोटी दिवसाला तीनशे डॉलरपर्यंत, एकूण सहा हजार डॉलरपर्यंत भरपाई जाहीर केली. पैसे घेतले तर सेवेचं सत्त्व जातं, असं मानणारे तिथेही होते. मला मात्र वाटतं, सेवा देणाऱ्याने मोबदला मागू नये हे जितकं शोभतं, तितकंच समाजाने त्याच्या न मागण्याचा फायदा न घेणं शोभतं. आगीसमोर उभ्या राहणाऱ्याला विमा हवा, बूट हवेत, ब्लोअर हवेत, वेळेवर मजुरी हवी. हे मागण्यासाठी आपला आवाज लावणं हाही देणं फेडण्याचाच भाग आहे. ज्याला वय किंवा प्रकृती डोंगर चढू देत नाही, त्यालाही हा वाटा उचलता येतो.

आणि देणं जिवानिशी फेडायचं का, या प्रश्नाचं उत्तर मी स्पष्ट 'नाही' असं देतो. गवत पुन्हा उगवतं, माणूस उगवत नाही. जिथे जाणता माणूस मागे फिरतो, तिथे आपलं देणं त्या दिवसापुरतं संपलं असं समजावं आणि उद्याच्या कामासाठी जिवंत राहावं.

यंदाच्या जानेवारीत आम्ही चौघे त्याच डोंगरावर जाळरेषेच्या कामाला गेलो. त्या मार्चमधले बाकीचे आले नाहीत, आणि मी त्यांना दोष देत नाही. मलाही यायला बरीच वर्षं लागली. सकाळच्या गारव्यात विळा धरला, दुपारपर्यंत हाताला फोड आले. जेमतेम हातभर रुंद वाटावी अशी रेघ मागे वळून पाहिली, तेव्हा डोंगर फार मोठा वाटला. झाडाखाली भाकरी सोडून बसलो तेव्हा तो वनमजूर शेजारी होता, तोच, ज्याने मला दंड धरून मागे ओढलं होतं. मी त्याला नाव विचारलं. त्याने सांगितलं, चटणीचा कागद माझ्याकडे सरकवला आणि मग माझं नाव विचारलं.