वाडीवरच्या गुरुजींना मोजायचे कसे?

कल्याणहून माळशेज घाटाकडे जाताना मुरबाड आणि सरळगाव मागे पडले की टोकावडे येते. हमरस्ता सोडून डोंगराच्या अंगाला वळले की ठाकरांच्या, कातकऱ्यांच्या वाड्या लागतात. वाडीत बहुधा जिल्हा परिषदेची एक-दोन शिक्षकांची शाळा असते. दिवाळी सरली की कातकरी कुटुंबे भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. पटावरची ही मुले गुरुजींच्या हाती लागतात जून ते ऑक्टोबर. परीक्षा मात्र एप्रिलमध्ये. अशा शाळेतला शिक्षक चांगला की कामचुकार, हे कोणी आणि कशावरून ठरवायचे?

हा प्रश्न जुना आहे. इंग्लंडमध्ये 1862 साली रॉबर्ट लो यांनी नियम केला की तपासनीस येईल, मुलांचे वाचन, लेखन, गणित तपासेल आणि जितकी मुले उतरतील तितके अनुदान शाळेला मिळेल. शाळा नेमून दिलेले तेवढेच घोकून घेऊ लागल्या. स्वतः तपासनीस असलेल्या मॅथ्यू अर्नोल्ड या कवीने त्यावर कडाडून टीका केली. तरी तीच पद्धत पुढे मुंबई इलाख्यातही अनुदानासाठी लागू झाली. दिपोटीसाहेब, म्हणजे डेप्युटी इन्स्पेक्टर, वर्षातून एकदा येणार म्हणून शाळा सारवायची, हुशार मुले पुढे बसवायची, ही आपल्याकडची रीत त्याच काळातली.

या पद्धतीचा सगळ्यात खोल विचार मला 19 ऑक्टोबर 1882 रोजी महात्मा फुल्यांनी हंटर शिक्षण आयोगाला दिलेल्या निवेदनात दिसतो. प्राथमिक शिक्षकाचा पगार बारा रुपयांहून कमी नसावा, तो प्रशिक्षित असावा आणि शक्यतो शेतकरी वर्गातला असावा, असे ते सांगतात. जितकी मुले वार्षिक परीक्षेत उतरतील त्या प्रमाणात त्याला भत्ताही द्यावा म्हणतात, म्हणजे निकालाला ते सरसकट विरोध करत नाहीत. पण निकालावर अनुदान देण्याची पद्धत गरीब, खालच्या मानलेल्या जातींच्या शिक्षणाला मुळीच सोयीची नाही, हेही ते तितक्याच स्पष्टपणे मांडतात. ज्या वस्तीत शिक्षणाची गोडीच अजून लागलेली नाही, तिथे स्वतःच्या जबाबदारीवर शाळा काढून कोणता शिक्षक पोट भरणार? तिथे सरकारनेच शाळा घालावी आणि वेगळे उत्तेजन द्यावे. शिवाय दिपोटीची वर्षातली एक फेरी त्यांना निरुपयोगी वाटते. तपासणी निदान दर तीन महिन्यांनी व्हावी आणि अधूनमधून न कळवताही व्हावी, अशी त्यांची मागणी होती.

शिक्षकावर नजर हवी, ती वरचेवर हवी आणि जिथून मूल निघाले ती जागा ध्यानात घेऊन हवी. या तिन्ही गोष्टी एकाच माणसाने एका दमात सांगितल्या, आणि आपण त्या वेगळ्या करून टाकल्या.

निकालाचे अनुदान पुढे मागे पडले. 1962 साली प्राथमिक शाळा जिल्हा परिषदांकडे आल्या. मग शेरेबुक, वार्षिक तपासणी आणि गोपनीय अहवाल एवढ्यावरच शिक्षकाचे मोल ठरू लागले. कागद नीट असला की काम नीट!

याच ठाणे जिल्ह्यात मात्र एक वेगळी वाट निघाली होती. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला काम सुरू केले आणि अनुताई वाघांसह ते 1957 मध्ये कोसबाडला नेले. हा भाग आता पालघर जिल्ह्यात आहे, तेव्हा ठाण्यात होता. वारल्यांची मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे पाहून शाळाच कुरणात गेली. नव्वदच्या दशकात वीटभट्ट्यांवर विधायक संसद या संस्थेच्या भोंगाशाळा उभ्या राहिल्या, त्याही याच विचाराने. मूल गैरहजर असेल तर शाळेची जागा आणि वेळ तपासा, असा हा विचार आहे. मला तो कोणत्याही गुणपत्रिकेपेक्षा मोलाचा वाटतो.

गेल्या पंधरा वर्षांत चाचण्यांचे दिवस परत आले. 2010 मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले, 2015 मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'. मूल प्रत्यक्षात काय शिकले याकडे सरकारने लक्ष वळवले, हे चांगलेच झाले. पण 2017 मध्ये शिक्षकांच्या वरिष्ठ आणि निवड वेतनश्रेणीला शाळा प्रगत असण्याची आणि शाळासिद्धी या शाळांच्या मूल्यांकनात 'अ' श्रेणी मिळवण्याची अट जोडली गेली. म्हणजे पुन्हा रॉबर्ट लोच. ज्या शाळेतली मुले नोव्हेंबरात भट्टीवर जातात तिने काय करायचे, याचे उत्तर त्या अटीत नव्हते. 2019 मध्ये ती रद्द झाली. त्यानंतर आश्रमशाळांतल्या शिक्षकांची क्षमता परीक्षा निघाली, तिच्यावर बहिष्कार पडला. 1 सप्टेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने, पाच वर्षांहून अधिक सेवा उरलेल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण होणे बंधनकारक केले.

प्रत्येक परीक्षेला संघटनांनी नकार देणे मला पटत नाही. शहरातल्या मुलाला शिकवणी असते, वाडीवरच्या मुलाला गुरुजींशिवाय दुसरे कोणी नसते. तिथला शिक्षक शिकवत नसेल तर त्या मुलाचे अख्खे बालपण वाया जाते. पण वर्गातली हातोटी टीईटीच्या बहुपर्यायी प्रश्नांत सापडत नाही. मुरबाड तालुक्यातल्याच फांगणे गावात जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी 8 मार्च 2016 रोजी आजीबाईंची शाळा सुरू केली. साठी ओलांडलेल्या बाया गुलाबी साड्या नेसून पाटीवर नाव गिरवू लागल्या. या कामाला कोणत्या रकान्यात किती गुण द्यायचे?

मग करायचे काय? शाळांच्या गटावर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखाच्या मागची ऑनलाइन लिंक भरण्याची कामे काढा आणि त्याला दर तीन महिन्यांनी अख्खा दिवस वर्गात बसू द्या. मूल जूनमध्ये कुठे होते आणि भट्टीवर जाताना कुठे पोचले, याची नोंद शिक्षकाच्या नावावर धरा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात. शिक्षकाबद्दल त्यांना विचारायचे असेल तर ते गावात असतात तेव्हा, पावसाळ्यात विचारा. एवढे झाल्याशिवाय कोणत्याही शिक्षकाच्या पगाराला शाळेच्या श्रेणीची अट पुन्हा लावू नये.